नक्कल

परसातल्या भेंडीचं एक पान मागच्या आठवड्यात पिवळं पडलं. सगळं पान नव्हे, नुसत्या शिरा. हिरव्या कागदावर हळदीनं नदी-ओहोळांचा नकाशा काढावा तसं. इतकं देखणं की तोडून हिला दाखवायला स्वयंपाकघरात नेलं. तिनं एक नजर टाकली. "केवडा पडलाय. उपटून टाका ते झाड."

रोगाला केवडा म्हणणारी माणसं रसिक असली पाहिजेत.

आमची भेंडी म्हणजे गोव्यातली सात शिरांची. वीतभर लांब, फिकट हिरवी. मृगाच्या पावसावर बी टोचायचं आणि चवथ उलटेपर्यंत खात राहायचं. यंदा श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली आणि झाड हलवलं की पानांखालून राख उडावी तशा पांढऱ्या माश्या उठू लागल्या. तेव्हाच समजायला हवं होतं. केवडा हा विषाणूचा रोग आणि तो पसरवतात त्या याच माश्या, हे मी नंतर वाचलं. माणसाच्या विषाणूपाशी पेशीच्या कुलपाला बसणारी किल्ली असते. भेंडीच्या पेशीभोवती मात्र गडग्यासारखी भिंत, तिला कुलूपच नाही. मग विषाणू माशीच्या लाळेतून जातो. तिची सुईसारखी सोंड थेट पानाच्या अन्नवाहिनीत उतरते.

पुढचं वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो, कारण ते सगळं माझ्याच खात्यातलं निघालं. माझी तेहतीस वर्षं एका कचेरीत एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाराच्या, नकला देण्यात गेली. हा विषाणू म्हणजे जेमतेम 2700 अक्षरांचा, टोकं जोडलेला डीएनएचा गोल कागद. सोबत ना शाई, ना टेबल, ना कारकून. पेशीत शिरला की प्रथिनाचं वेष्टन गळून पडतं आणि कागद केंद्रकात पोचतो. तोही एकेरी धाग्याचा, अर्धाच. उरलेला अर्धा पेशीच आपल्या एन्झाइमनं पुरा करून देते. अर्ज कुणाचा, सही कुठे, काही विचारत नाही. मी तिला दोष देणार नाही. टेबलावर आलेल्या कागदाची नक्कल करायची, मजकूर वाचत बसायचं नाही, हे मलाही पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. वाढ पुरी झालेल्या पानातल्या पेशी या कामातून कधीच निवृत्त झालेल्या असतात. डीएनएच्या नकला करण्याचं सामान त्यांनी आवरून ठेवलेलं असतं. विषाणूच्या कागदावर सहा-सात प्रथिनांपुरता मजकूर. त्यातलं एक प्रथिन अशा पेशीला पुन्हा कामावर बोलावतं. मग तेच त्या गोल कागदाला एका जागी छेद देतं आणि रिळावरून दोरा सुटावा तशा नकलेमागून नकला निघत राहतात. काही नकला वेष्टनात बांधल्या जातात. ते वेष्टन दोन गोळ्या एकमेकींना चिकटवल्यासारखं, पुढच्या माशीसाठी तयार. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, अजून कुणी बोलावलेलं नाही. क्षणभर त्या पेशीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

भेंडीवरच्या या केवड्याची नोंद मुंबई इलाख्यात 1924 साली झाली. पण याच कुळातल्या दुसऱ्या एका विषाणूची हकिकत फार जुनी. इसवी सन 752 मध्ये जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी भर उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या पानांवर कविता केली. ते झुडूप कोणतं आणि पिवळेपणा कशाचा, हे शास्त्रज्ञांनी अलीकडे ओळखून काढलं. म्हणजे असलं पान बघून हरखणारा मी पहिला नाही.

हे हिला सांगितलं. "कविता झाली असेल तर झाड उपटा," ती म्हणाली.

चार झाडं उपटली आणि गडग्याबाहेर नेऊन जाळली. ओली होती, जाळापेक्षा धूरच जास्त. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भेंडी घ्यायला गेलो. एकेक भेंडी उलटसुलट करून शिरा बघत उभा राहिलो, तशी विकणारी बाय म्हणाली, "घेणार, की नुसतं वाचणार?"