सुईटच्या बाल्कनीतून पाहिलेला पनामा कालवा

जहाजावरच्या खोलीचं दार किती रुंद आहे, हा प्रश्न मी एजंटला तीनदा विचारला. पहिल्या दोन वेळा उत्तर म्हणून झुंबरांचे आणि संगमरवरी न्हाणीघराचे फोटो आले. तिसऱ्या वेळी मी सरळ लिहिलं की बायकोची चाकाची खुर्ची ६५ सेंटिमीटर रुंद आहे, ती खोलीत आणि न्हाणीघरात जाईल का, तेवढंच कळवा.

हिला संधिवात होऊन १४ वर्षं झाली. घरात काठी घेऊन फिरते, बाहेर खुर्ची लागते. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. नोकरीतली ११ वर्षं पैठणला, जायकवाडीच्या नाथसागरावर गेली. पनामा कालवा बघायचा हे कॉलेजात शिकत असल्यापासून मनात होतं. मुलगा अमेरिकेत, सॅन होजेला. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा. मी विषय काढला की ही म्हणायची, "तुम्ही जाऊन या, मी मुलाकडे थांबते." ते मला नको होतं. आयुष्यभर हिने माझ्या तोंडून दरवाजे, सांडवा, विसर्ग एवढंच ऐकलंय. ते बघायला तीच बरोबर नसेल तर जाऊन काय करायचं!

म्हणून सुईट, म्हणजे जहाजावरची मोठी, महागडी खोली. एवढा खर्च कशाला, असं नातेवाइकांनी विचारलं आणि विचारणं रास्तच होतं. कालव्याच्या दिवशी सगळं जहाज वरच्या डेकवर कठड्याला लागतं. तिथे खुर्चीत बसलेल्या माणसाला पुढच्यांच्या पाठी दिसतात. स्वतःची मोठी बाल्कनी, खुर्ची वळेल एवढी खोली, उंबरठा नसलेलं न्हाणीघर आणि दुखायला लागलं की दहा पावलांवर पलंग, हे सगळं एकत्र फक्त त्या वर्गातच मिळत होतं. एका जहाजावर अशा सुईट मोजक्याच असतात. एजंटने सुरुवातीला दुसरीच धरून ठेवली होती, तिच्या बाल्कनीच्या दाराला वीतभर उंच चौकट होती. ती बदलून घेण्यात महिना गेला. कुणाला असं जायचं असेल तर फोटोंवर भागवू नका, खोलीचा मापांसह नकाशा मागवा आणि जहाज कंपनीचा विशेष गरजांचा फॉर्म पैसे भरण्याआधी भरून द्या.

जहाज मी रुंदी बघून निवडलं. या कालव्यात जहाज हौदात घेऊन दरवाजे मिटतात आणि पाणी भरून किंवा सोडून त्याला पायरीपायरीने वर चढवतात, खाली उतरवतात. २०१६ साली कालव्याला नवे, मोठे दरवाजे झाले आणि आजची अजस्र जहाजं तिकडून जातात. मला १९१४ चे जुने दरवाजे हवे होते. त्यांचे हौद ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब. त्यात मावायचं तर जहाज ३२.३ मीटरपेक्षा रुंद नको. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ६० सेंटिमीटर जागा. शिवाय मी जहाजाची उजवी बाजू मागितली. अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना, कालव्याचा तलाव ज्याने झाला ते गाटूनचं धरण उजव्या हाताला येतं, आणि सकाळी त्या बाजूला सावली असते. हिला ऊन सोसत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. दोघांचे मिळून साडेनऊ लाख झाले. परदेशी सहलीवर तेव्हा सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जाई, म्हणजे आमचे ८५ हजार आधी गेले. ते आयकर खात्याच्या २६ एएस या तक्त्यात दिसले आणि विवरणपत्र भरल्यावर परत मिळाले. पण बुकिंगच्या वेळी तेवढी रक्कम हाताशी लागते, हे लक्षात ठेवायला हवं. बक्षिशी वेगळी, रोज माणशी, आणि सुईटला तिचा दर जास्त. विमा घेताना जुना आजार लिहून दिला. हप्ता वाढला, तरी भर समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे याची आधी खात्री केली.

कोलंबिया, कोस्टा रिका, मेक्सिको या तिन्ही ठिकाणी अमेरिकेच्या व्हिसावर काम झालं. अडलं ते पीतज्वराच्या लशीपाशी. कोलंबिया आणि पनामा दोन्ही पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसेल, तर विलगीकरणात ठेवतात. ही लस जिवंत विषाणूची असते आणि हिची संधिवाताची औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी, त्यामुळे हिला ती देता येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साठीनंतर ही लस जपूनच देतात, म्हणून माझाही रक्तदाब वगैरे तपासून, दोन दिवस विचार करून दिली. हिच्यासाठी डॉक्टरांनी कारण लिहून पत्र दिलं, ते आम्ही जहाज कंपनीकडून आधीच मान्य करून घेतलं. प्रवासानंतर दोन महिने मुलाकडेच राहायचं होतं, त्यामुळे परतीच्या सहा दिवसांचा प्रश्न उरला नाही.

या आजाराची भीती मला पुस्तकी वाटत नव्हती. फ्रेंचांनी १८८१ साली हा कालवा खणायला घेतला आणि आठ वर्षांत सुमारे २२ हजार माणसं गमावली, बहुतेक पीतज्वर आणि हिवतापाने. हिवताप डासांतून पसरतो हे रोनाल्ड रॉसने १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत शोधलं. त्यानंतर आलेल्या अमेरिकनांनी आधी डबकी बुजवली, पाण्यावर तेल मारलं, घरांना जाळ्या लावल्या, आणि मगच खोदाईने वेग घेतला. तरीही त्यांच्या काळात ५,६०९ मजूर गेले. त्यातले बरेच बार्बाडोससारख्या बेटांवरून आलेले काळे मजूर होते.

८ जानेवारी २०२५ ला फोर्ट लॉडरडेलहून निघालो. सुईटवाल्यांची रांग वेगळी असते आणि सामान खोलीत येतं, त्यामुळे तासाभरात आम्ही आत होतो. खोलीत शिरल्या शिरल्या मी टेप काढून दार मोजलं. ८२ सेंटिमीटर. हिने आपल्या हाताने खुर्ची चालवत थेट बाल्कनी गाठली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. आपत्कालीन सराव मात्र कुणालाच चुकत नाही. खुर्चीवाल्या प्रवाशाला जिन्याने खाली न्यायला दोन माणसं नेमून देतात, त्यांची ओळख पहिल्याच दिवशी करून घेतली.

आमच्या सुईटचा बटलर वेंगुर्ल्याचा निघाला. हिचं कुंकू आणि मंगळसूत्र पाहिलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "काकी, चाय हाडू?" हिचे डोळे भरून आले. गोव्या-सिंधुदुर्गातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जातात हे ठाऊक होतं, पण तो चहाचा कप हातात येईपर्यंत ते ऐकीवच होतं. जेवणाचं त्यानेच बघितलं. भारतीय आचाऱ्याला सांगून वरण-भात, एखादी सुकी भाजी यायची. घरचं उघडं अन्न जहाजावर चालत नाही. बंद पाकिटातलं मेतकूट आणि तिळाच्या वड्या चालल्या.

कोलंबियातल्या कार्ताहेनाला आम्ही गावात गेलोच नाही, बंदराच्याच बागेत पोपट आणि फ्लेमिंगो बघून परतलो.

१३ जानेवारी, भोगी. साडेचारलाच उठलो. हिला शाल गुंडाळून बाल्कनीत बसवलं. उजाडताना लांबच लांब अटलांटिक पुलाखालून गेलो आणि समोर गाटूनचे दिवे दिसू लागले. कालव्याच्या हद्दीत जहाजाचा ताबा कप्तानाकडे राहत नाही, कालव्याचे पायलट चढतात आणि त्यांचाच शब्द अखेरचा. एवढं मोठं जहाज, पण त्याची पहिली दोरी घ्यायला वल्ह्याची होडी आली. दोन माणसं त्यात. शंभर वर्षांत यापेक्षा भरवशाची पद्धत सापडली नाही म्हणून तीच चालू आहे. मग दोर म्यूलना बांधले. म्यूल म्हणजे भिंतीवरच्या दातेरी रुळांवरून चालणारी विजेची इंजिनं. ती जहाजाला ओढत नाहीत, ते हौदाच्या बरोबर मध्ये राहील असं दोन्हीकडून ताणून धरतात.

पश्चिमेच्या हौदात शिरलो. आमच्या बाल्कनीसमोर काँक्रीटची भिंत आली, हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतकी जवळ. मागचे दरवाजे मिटले. एकेक झडप सात फूट जाड, आतून पोकळ, त्यामुळे पाण्यात तरंगू बघते आणि बिजागरीवर भार कमी येतो. दोन झडपा सरळ रेषेत मिटत नाहीत, पाण्याच्या बाजूला कोन करतात, म्हणजे पाणी जेवढं दाबेल तेवढ्या त्या एकमेकींत घट्ट बसतात. हे मी कागदावर शेकडो वेळा काढलं असेल. हिला हाताचे तळवे जुळवून दाखवलं.

आणि मग पाणी आलं. पंप नाही, घरघर नाही. वरच्या तलावाचं पाणी भिंतींतल्या साडेपाच मीटर व्यासाच्या बोगद्यांतून नुसत्या उतारावर वाहत येतं आणि हौदाच्या तळातल्या भोकांतून वर निघतं. ही एकदम म्हणाली, "अहो, भिंत खाली चाललीय!" तिला तसंच दिसत होतं. आठ-दहा मिनिटांत आठ-नऊ मीटर वर. अशा तीन पायऱ्या चढलो आणि जहाज समुद्रापासून २६ मीटर उंचावरच्या तलावात आलं. मी बोलत होतो ते थांबलो, कारण हिला आता माझ्या सांगण्याची गरज उरली नव्हती. पुढची झडप कधी उघडणार हे तीच सांगू लागली होती.

तलावात शिरताच उजवीकडे धरण दिसलं. मातीचं, बसकं, रुंद, सुमारे २.३ किलोमीटर लांब, मधल्या सांडव्याला १४ दरवाजे. चाग्रेस नदी अडवून केलेलं. "आपल्याकडे सत्तावीस आहेत," ही म्हणाली. मला केवढा आनंद झाला! जायकवाडीची १० किलोमीटरची भिंत आम्ही दोघांनी स्कूटरवरून कितीदा ओलांडली असेल.

पण त्याच तलावाने मला अस्वस्थही केलं. एक जहाज एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाताना सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात सोडून जातं. आमच्या भाषेत ०.२ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. रोज ३०-३५ जहाजं धरली तर सहा-सात दलघमी. हे सगळं पावसाचं पाणी, आणि निम्म्याहून जास्त पनामा देश हेच पाणी पितो. २०२३ च्या दुष्काळात तलाव इतका खाली गेला की रोजची जहाजं ३६ वरून २४ च्या खाली आणावी लागली. पैठणला असताना शेतीला पाणी सोडण्याच्या एकेका आवर्तनासाठी शेतकरी कार्यालयासमोर बसलेले मी पाहिलेत. तिथला साठा चाळीस टक्क्यांच्या खाली गेला की आम्हाला रात्री झोप येत नसे. इथल्या इंजिनिअरांनी त्या वर्षी काय सोसलं असेल ते मला कुणी सांगायला नको. एका हौदातलं पाणी शेजारच्या हौदात घेऊन ते बचत करतात, आणि नव्या दरवाजांना बाजूच्या टाक्या आहेत, तिथे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येतं.

दुपारी कुलेब्राच्या खिंडीतून गेलो. पाण्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले. ही तेव्हा तासभर आत पडून होती, दार उघडं ठेवलं होतं, आणि पलंगावरून तिला डोंगर सरकताना दिसत होता. पेद्रो मिगेलला एक पायरी उतरलो, मिराफ्लोरेसला दोन. संध्याकाळी पुलाखालून पॅसिफिकमध्ये निघालो. दुसऱ्या दिवशी संक्रांत. वेंगुर्लेकराला तिळगूळ दिला, त्याने वाकून नमस्कार केला.

पुढचे दिवस तुलनेने शांत गेले, मेक्सिकोच्या तेहुआंतेपेकच्या आखाताजवळच्या दोन रात्री सोडून. तिथे थंडीत डोंगराच्या खिंडीतून वारा सुटतो आणि जहाज चांगलंच हलतं. सुईट जहाजाच्या मधोमध घेतल्याचा तेव्हा फायदा झाला, तरी हिला मी पलंगावरून उठू दिलं नाही. १७ तारखेला संकष्टी होती. जहाज वायव्येला चाललेलं, म्हणून आमची बाल्कनी पूर्वेकडे. रात्री चंद्र बरोबर समोर उगवला. हिने दारातूनच हात जोडले आणि मग उपास सोडला. काबो सान लुकासला जहाज बंदराला लागत नाही, छोट्या बोटीने उतरावं लागतं आणि लाटा असल्या तर खुर्ची नेत नाहीत. आम्ही उतरलो नाही.

२३ ला सॅन दिएगोला सकाळी सामान बाहेर गेल्यावर ही खोलीत एकदा इकडून तिकडे खुर्ची फिरवून आली. म्हणाली, "पंधरा दिवसांत तुम्हाला एकदाही मला उचलून उंबरठा ओलांडावा लागला नाही. घरी गेलो की न्हाणीघराचा उंबरठा काढून टाका."

मार्चअखेर संभाजीनगरला पोचलो. तिसऱ्या दिवशी गवंडी बोलावला.