क्वेंचर टाकलास का?

प्रोटीन लेबलिंगबद्दल, म्हणजे प्रोटीनच्या उघड्या भागांवर रासायनिक खूण करण्याबद्दल, कुठेही वाचा, सगळं कौतुक लेझरचं नाहीतर मास स्पेकचं (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र), आणि क्वेंचर, म्हणजे ती प्रक्रिया वेळेवर थांबवणारं रसायन, बिचारा मेथडच्या एका ओळीत गुंडाळलेला. पण माझ्या मते डेटावर विश्वास ठेवायचा की नाही हे बरंचसं त्या एका ओळीवर ठरतं.

एफपीओपीच घ्या, म्हणजे लेझरच्या मदतीने प्रोटीन झटपट ऑक्सिडाइज करून खूण करायची पद्धत. हॅम्बली आणि ग्रॉस यांनी 2005 साली पेपर काढला त्या पद्धतीत लेझरने हायड्रोजन पेरॉक्साइड फोडतात, हायड्रॉक्सिल रॅडिकल (कशावरही लगेच तुटून पडणारे कण) तयार होतात, आणि प्रोटीनचा जो भाग पाण्याकडे उघडा आहे तिथे ऑक्सिजन बसून वजन साधारण 16 डाल्टनने वाढतं. रॅडिकल जास्त टिकू नयेत म्हणून मिश्रणात आधीच ग्लुटामिन असतं, ते त्यांना मायक्रोसेकंदांत गिळून टाकतं. इथे नव्या पोरांना वाटतं, झालं काम! अरे पण उरलेलं पेरॉक्साइड तिथेच आहे ना, ते लेझर बंद झाल्यावरही प्रोटीनमधल्या मेथिओनिन या अमिनो आम्लाला सावकाश ऑक्सिडाइज करत बसतं आणि तेही प्लस 16च, मग मास स्पेकने ओळखायचं कसं कुठलं खरं आणि कुठलं नंतरचं? म्हणून सॅम्पल ज्या ट्यूबमध्ये पडणार तिच्यात कॅटलेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) आणि मोकळं मेथिओनिन आधीच भरून ठेवायचं. चहा पिऊन आल्यावर टाकतो म्हणणाऱ्याने हा प्रयोग करूच नये. लेझर न मारलेलं कंट्रोल सॅम्पलही हवंच.

डीईपीसी हे मुख्यतः हिस्टिडिन या अमिनो आम्लावर बसणारं लेबल, ते थांबवायला इमिडाझोल लागतं, हिस्टिडिनच्या बाजूच्या साखळीत असते तीच रिंग, त्यामुळे उरलेलं रिएजंट तिकडे वळतं. (आपल्या गोव्यात जून-जुलैत डीईपीसीची बाटली थंड असतानाच उघडू नका हं, दमट हवेतलं पाणी आत गेलं की रिएजंट तिथेच बिघडायला लागतं.) एनएचएस एस्टर (प्रोटीनमधल्या अमाइनला चिकटणारं लेबल) थांबवायला ट्रिस घालतात, त्यातही अमाइन असतंच, पण तेच ट्रिस तुमच्या बफरमध्ये असेल तर लेबलिंग नीट सुरूच होणार नाही.

एचडीएक्स, म्हणजे प्रोटीनमधल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) बसवायची पद्धत, हे मात्र वेगळंच प्रकरण. पीएच 2.5 आणि शून्य डिग्री, याला क्वेंच म्हणतात खरं, पण थांबत काहीच नाही, नुसता वेग लाखभर पटीने मंदावतो, बर्फातल्या बांगडा माशासारखं. ड्युटेरियम हळूहळू निसटतच राहतं. शिवाय त्या आम्लात प्रोटीन तोडायचं नेहमीचं एन्झाइम ट्रिप्सिन काही कामाचं नाही, पेप्सिन लागतं, आणि ते कुठे तोडेल याचा आधी अंदाज बांधता येत नाही, म्हणून पेप्टाइडची (तुटलेल्या तुकड्यांची) यादी ड्युटेरियम न घातलेल्या सॅम्पलवर आधीच तयार करून ठेवा.