आमची वाटचाल : फिनेलच्या स्टिकरपासून लाल चौकटीपर्यंत

अंबरनाथ एमआयडीसीत आमचं लेबल छापायचं छोटं युनिट आहे. बाबांनी १९९४ ला सुरू केलं तेव्हा स्क्रीन प्रिंटिंगचं एक टेबल आणि गिऱ्हाइकं सगळी आसपासची, फिनेल, ॲसिड, थिनर भरून विकणारी. ब्रँडचं नाव मोठं, खाली पत्ता, आणि कवटी टाकायची की नाही ते मालकाच्या मर्जीवर. कायदा नव्हता असं नाही बरं का. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले, त्यात डब्यात काय आहे, कोणी बनवलं, त्रास काय होऊ शकतो हे डब्यावर पाहिजे असं आहेच. पण चिन्ह कुठलं नि केवढं हे बांधून दिलेलं नाही, मग काय, जो तो आपल्या मनाने. त्यातल्या त्यात कीटकनाशकवाले शिस्तीचे, त्यांच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा ते विषारीपणावर ठरलेलं, तिथे मालकाची आवडनिवड चालत नाही.

आमचा धंदा वळला तो सीएलपीमुळे. घातक रसायनांचं वर्गीकरण, लेबल आणि पॅकिंग कसं असावं सांगणारं युरोपियन युनियनचं १२७२/२००८ नंबरचं रेग्युलेशन, जानेवारी २००९ ला अमलात आलं, युनोच्या जीएचएसवर, म्हणजे जगभर एकसारखी चिन्हं असावीत म्हणून केलेल्या पद्धतीवर, बेतलेलं. नुसत्या केमिकलला डिसेंबर २०१० ची मुदत होती, मिक्स्चरला १ जून २०१५. आमच्याकडचे एक्स्पोर्टवाले जवळपास सगळे मिक्स्चरवाले, टेक्स्टाइल ऑक्झिलरी (कापडावरच्या प्रक्रियेला लागणारी रसायनं), पेंटचे ॲडिटिव्ह वगैरे, त्यामुळे २०१५ च्या उन्हाळ्यात जी झुंबड उडाली ती विचारू नका. नारिंगी चौकोनातली जुनी चिन्हं गेली आणि पांढऱ्यावर काळं चित्र, भोवती लाल चौकट, टोकावर उभी, अशी नवी आली.

ही लाल चौकट दिसते साधी पण पैसा तिथेच लागतो. पूर्वी आम्ही रोलवर चार लाल चौकटी आधीच छापून ठेवायचो आणि गिऱ्हाईक आपल्याकडच्या थर्मल प्रिंटरवर आत काळं चित्र मारायचं. पण मालाला चिन्हं दोनच लागली तर उरलेल्या दोन रिकाम्या चौकटींचं काय? अमेरिकेच्या ओशाला, म्हणजे तिकडच्या कामगार-सुरक्षा खात्याला, तर रिकामी लाल चौकट चालतच नाही. मग एक, दोन, तीन, चार चौकटींचे वेगवेगळे रोल ठेवायला लागले, गोडाऊन भरलं, शेवटी लाल-काळं एकाच वेळी छापणारं मशीन लोनवर घेतलं आणि तो प्रश्न मिटला.

साइझवरून तर अजून वाद होतात. सीएलपीप्रमाणे तीन लिटरपर्यंतच्या पॅकला लेबल शक्यतो कमीत कमी ५२ बाय ७४ मिलिमीटर, ५० लिटरच्या वर ५०० पर्यंत १०५ बाय १४८, त्यात चिन्ह निदान ३२ मिलिमीटरचं. मार्केटिंगवाल्यांना लोगो मोठा हवा असतो, चिन्ह कोपऱ्यात. शिवाय दिसेल ते चिन्ह टाकायचं नसतं, कवटी आली की उद्गारचिन्ह निघतं, 'डेंजर' आलं की 'वॉर्निंग' लिहायचं नाही. जास्त चिन्हं म्हणजे जास्त सेफ असं बऱ्याच लोकांना वाटतं, माझ्या मते उलट आहे, सगळीकडे भीती दाखवली की कोणी कशालाच भीत नाही.

आणि समुद्र! न्हावाशेवाहून निघालेला ड्रम पाण्यात पडला तरी त्याच्यावरची खूण तीन महिने ओळखता आली पाहिजे असं आयएमडीजी कोडमध्ये, म्हणजे घातक माल जहाजाने नेण्याच्या नियमांत, आहे. क्रोमो पेपरचं स्टिकर तिथे पहिल्या दिवशीच लगदा होणार. त्यासाठी बीएस ५६०९ (समुद्राच्या पाण्यात टिकणाऱ्या लेबलचं ब्रिटिश स्टँडर्ड) वालं प्लॅस्टिक फिल्मचं मटेरियल, रेझिनची रिबन, सगळं महाग, आणि टेस्टिंगमध्ये नुसतं मटेरियल पास होऊन भागत नाही, त्यावरची छपाईपण पास व्हावी लागते. गिऱ्हाईक म्हणतं समोरचा अर्ध्या किमतीत देतो. देत असेल, ड्रम पण त्याच्याच नावाने पाठवा म्हणावं.

एक नियम मात्र मी पहिल्यापासून ठेवलाय, एसडीएस, म्हणजे मालाचे धोके सांगणारी सेफ्टी डेटा शीट, हातात आल्याशिवाय छपाईची प्लेट बनवायची नाही. माल कुठल्या वर्गात बसतो हे ठरवणं आमचं काम नाही, ते बनवणाऱ्याचं आणि तिकडच्या इम्पोर्टरचं, पण त्या शीटच्या सेक्शन २ मध्ये एच-३१४ म्हणजे कातडी भाजणारं लिहिलंय आणि ईमेलमध्ये नुसतं उद्गारचिन्ह मागितलंय असं दिसलं तर आम्ही काम थांबवतो आणि फोन करतो. दोन-चार पार्ट्या यावरून चिडून गेल्या, त्यातली एक परत आली.

आता यूएफआय आलाय, सोळा अक्षरांचा कोड, विषबाधा झाली तर तिकडच्या पॉयझन सेंटरला त्यावरून डब्यात काय आहे ते कळतं, तो प्रत्येक फॉर्म्युल्याचा वेगळा. सीएलपीच्या २०२४ च्या दुरुस्तीत अक्षरांच्या उंचीपासून घडीच्या लेबलापर्यंत नवीन गोष्टी आल्यात, म्हणून हल्ली आम्ही कोणाला वर्षभराचा स्टॉक एकदम छापून देत नाही, मागितला तरी. रेट विचारायला फोन करताय तर एसडीएसची लेटेस्ट कॉपी, पॅकसाइझ आणि माल कुठल्या देशात उतरणार एवढं हाताशी ठेवा, त्याशिवाय मला रेट सांगता येत नाही.