स्वल्पविराम कुठे द्यायचा

रविवार, रात्र. लेस्टर, इंग्लंड

उद्यापासून शाळा. शिकवायचं काहीच नाही, पहिला आठवडा नुसतं मागच्या बाकावर बसून बघायचं आहे. तरी दुपारपासून पोटात गोळा. बसची वेळ तीनदा पाहिली.

कागदपत्रांचं लचांड एकदाचं संपलं. भारतातून पासपोर्ट कार्यालयाचं पोलिस क्लिअरन्स, इथे डीबीएसची, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची, तपासणी, शिवाय मुलांच्या सुरक्षिततेच्या सरकारी पुस्तिकेचा पहिला भाग वाचून सही. पीजीसीईच्या, म्हणजे इथल्या बी.एड.च्या, वर्षात किमान १२० दिवस शाळेत काढायचे, तेही दोन वेगवेगळ्या शाळांत. आपल्याकडे २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवडे शाळेत जावं लागतं. म्हणजे दिवस साधारण तेवढेच, फक्त इथे सगळं एका वर्षात कोंबलंय.

प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं होतं, परक्या देशात शिकवताना भाषेची अडचण नाही का येणार? मी झोकात म्हटलं होतं, "माझा विषय गणित आहे, आणि गणिताला भाषा नसते." त्यांनी ते लिहूनही घेतलं होतं.

सोमवार

गेटवर गळ्यात लॅनयार्ड अडकवला. इथे कोण कुठला हे पट्टीच्या रंगावरून कळतं. पाहुण्यांचा वेगळा, शिक्षकांचा वेगळा, आम्हा शिकाऊंचा आणखी वेगळा. मुलं आधी रंग बघतात, मग तोंड.

मी आता "मिस" आहे. लग्न झालेली असो, नातवंडं असोत, बाई शिक्षक म्हणजे "मिस". आईच्या शाळेत सगळ्या "बाई" असतात तसंच. फक्त कुणी मागून "मिस, मिस" ओरडलं की मी अजून दुसरीकडेच बघते.

यत्ता मोजायचीही पद्धत वेगळी. 'इयर सेव्हन' म्हणजे आपली सहावी, अकरा-बारा वर्षांची पोरं. नुकती प्राथमिक सोडून आलेली, ब्लेझर दोन मापं मोठे.

मंगळवार

आज छोट्या पांढऱ्या फळ्यांचा तास. प्रत्येक मुलाकडे वहीएवढी प्लास्टिकची फळी, एक मार्कर आणि पुसायला चिंधी (एकाकडे चक्क जुना मोजा). शिक्षिका प्रश्न घालते, "तीन, दोन, एक, दाखवा!" आणि तीस फळ्या एकदम वर. कोण कुठे अडलंय ते तिला दोन सेकंदांत दिसतं. कॉलेजात याला भारदस्त नाव आहे. मला तर ही सरळ पाटी वाटली. आईच्या शाळेतून पाटी-पेन्सिल गेली त्याला वर्षं झाली, इथे तीच प्लास्टिकची होऊन बसलीय.

संध्याकाळी साडेचारला आईचा फोन. तिकडे नऊ वाजलेले, जेवणं आटोपलेली.

"पाठ टाचण काढलंस का?"

"अगं, या आठवड्यात निरीक्षणच आहे."

"मग निरीक्षणाची वही?"

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या बाईला काय सांगणार. वही काढली.

बुधवार

भागाकार. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "आज बस स्टॉप करू या." मला वाटलं सहल आहे.

बस स्टॉप म्हणजे भागाकाराची मांडणी. भाज्यावर जे छप्पर काढतात ते बसथांब्याच्या शेडसारखं दिसतं म्हणून. ९५२ ला ४ ने भागायचं, तर ९५२ शेडमध्ये उभे, ४ बाहेर पावसात. नवात दोनदा, उरला एक. तो एक पाचाच्या डोक्याशी बारीक लिहायचा, पाचाचे झाले पंधरा. पंधरात तीनदा, उरले तीन. ते दोनाच्या डोक्याशी, झाले बत्तीस. बत्तीसात आठदा. वर उत्तर २३८, खाली कागद कोरा. आपण खाली वजाबाक्यांची शिडी उतरत जातो, तसलं काहीच नाही. सुटसुटीत आहे हे मान्य. पण मुलाचं कुठे चुकलं ते शोधायचं तर त्या मुंगीएवढ्या आकड्यांत भिंग लावून बसावं लागतं. मला आपली शिडीच बरी वाटते.

एका मुलाला मदत करताना मी तोंडातल्या तोंडात "आठ सत्ते छप्पन" म्हटलं. तो थांबला. "मिस, हे काय होतं?" "पाढा." "परत म्हणा ना." म्हटलं. शेजारचे दोघे वळले. मग मला सात ते नव्वाचे पाढे म्हणून दाखवावे लागले, आणि मार्गदर्शक बाईंनी लांबून माझ्याकडे पाहिलं. भागाकार तिथेच राहिला.

गुरुवार

निरीक्षणाचा आठवडा खरा, पण उद्या माझी पहिली दहा मिनिटं. तासाच्या सुरुवातीचा भाग, विषय स्थानिक किंमत, मोठ्या संख्या वाचणं. स्टाफरूममध्ये चहा घेताना सगळ्यांनी धीर दिला. आठवीच्या (म्हणजे आपल्या सातवीच्या) पाच तुकड्या गणिताच्या गुणांप्रमाणे लावल्यात हेही तिथेच कळलं. मुलं स्वतःची ओळखसुद्धा "मी सेट फाइव्हचा" अशी करून देतात. आपल्याकडे तोंडावर 'ढ' म्हणतात, इथे नंबर देतात. मला दोन्हींत फारसा फरक दिसला नाही, पण शिकाऊ माणसाने चौथ्या दिवशी मत द्यायचं नसतं म्हणून चहा प्यायले.

शुक्रवार

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत मी स्वतःच्या सोयीने बदलून टाकीन.

मी ठरवलं होतं, पुस्तकातल्या कंटाळवाण्या संख्या नकोत, खरी घेऊ. महाराष्ट्राची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली:

११,२३,७४,३३३

आणि वळून विचारलं, "कोण वाचतंय?"

कोणीच नाही. मी लगेच दुसऱ्याला विचारलं, मग तिसऱ्याला. मग पुढच्या बाकावरचा एक जण अगदी सभ्यपणे म्हणाला, "मिस, तुमचे कॉमा चुकीच्या जागी पडलेत."

मी फळ्याकडे बघितलं. मला काही चुकलेलं दिसेना! बरोबरच तर होतं, अकरा कोटी तेवीस लाख चौऱ्याहत्तर हजार. एवढा वेळ बघत राहिले की मागून कुणीतरी हसलं. मग कानशिलं तापली. इथे सगळीकडे तिनातिनाने स्वल्पविराम, ११२,३७४,३३३. आपल्याकडे पहिल्यांदा तीन आणि पुढे दोन-दोन, कारण आपल्या हजारानंतर लाख येतो, लाखानंतर कोटी, शंभराशंभराच्या पायऱ्या. त्यांच्याकडे हजाराहजाराच्या. संख्या तीच, पण मुक्काम वेगळे.

पुसायला डस्टर उचललं तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "माझे दादा असंच लिहितात. लाख, करोड." दादा म्हणजे गुजरातीत आजोबा. इथे हे नवल नाही. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा त्यातले कितीतरी लेस्टरला आले. नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात 'येऊ नका' अशी जाहिरात दिली होती, तरी आले. २०२१ च्या जनगणनेत या शहरात आशियाई वंशाचे लोक ४३ टक्क्यांच्या आसपास आहेत. वर्गातली निम्मी पोरं नवरात्रात गरबा खेळून जांभया देत येतात. तरीही सगळ्या वर्गासमोर तिने ते सांगितलं याचं मला अप्रूप वाटलं.

मग मी संख्या पुसली नाही. खाली दुसऱ्यांदा लिहिली, त्यांच्या स्वल्पविरामांनी, आणि दोन्ही वाचून घेतल्या. पोरांनी "लाख" शब्द उचलला. एकाने विचारलं, मग तुमच्याकडे मिलियन नाहीच? आहे, दहा लाख. दंगा झाला, पण त्यात गणित होतं.

दहा मिनिटांची बावीस झाली होती.

मार्गदर्शक बाईंनी नंतर कागद पुढे केला. मी नऊ प्रश्न विचारले होते आणि प्रत्येकानंतर जेमतेम एक सेकंद थांबले होते. "मुलांना तीन सेकंद तरी द्या. तुम्हाला शांतता सहन होत नाही." हे लागलं, कारण खरं आहे. आमच्या वर्गात प्रश्न संपायच्या आत पाच हात वर असायचे, आणि मी कायम त्या पाचांतली होते. बाकीचे चाळीस काय करत होते ते मी कधी वळून पाहिलं नाही. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लिहिल्याबद्दल त्यांनी "चांगलं" म्हटलं, पण पुढे लिहिलंय: "वेळ. वेळ. वेळ."

शनिवार

आईला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की बाबा खोलीतून बाहेर आले. मग तिने २०१९ ची आठवण काढली. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावीसच्या जोडीला 'वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. ती तेव्हा विरोधात होती. आज म्हणाली, "मुलांना सोपं जात होतं खरं." मी काही बोलले नाही, नाहीतर लगेच मागे घेतलं असतं.

सोमवारचा विषय आहे पदावलीचा क्रम. इथे पोरं 'बिडमास' (त्याच क्रमाची इंग्रजी आद्याक्षरं) घोकतात, आम्ही 'कंचेभागुबेव' घोकलं. १० − ३ + २ दिलं की इथली मुलं 'आधी बेरीज' म्हणून ५ काढतात. मीही पाचवीत अगदी हेच काढलं होतं, कारण 'बे' आधी आणि 'व' नंतर. खरं उत्तर ९, डावीकडून उजवीकडे जायचं. यावर पंधरा मिनिटं मिळालीत, आणि प्रत्येक प्रश्नापुढे मी टाचणात कंसात '३ सेकंद' लिहून ठेवलंय.

रविवार

शुद्धलेखन काढल्यासारखं वहीत ११२,३७४,३३३ वीस वेळा लिहिलं. अठराव्याला हात पुन्हा अकरावर थांबला आणि स्वल्पविराम देऊन मोकळा झाला.