एक्सक्लूड, ९९९९.० आणि मागच्या दाराची लायब्ररी

गुरुवार, इंदूर

अँड्रॉइडच्या बिल्डमध्ये 'डुप्लिकेट क्लास' (एकच क्लास दोन लायब्ररींतून आल्याची चूक) दिसलं की बोट थेट 'एक्सक्लूड'कडे, म्हणजे एखादी लायब्ररी वगळणाऱ्या ओळीकडे जातं. विजयनगरातल्या आमच्या ऑफिसात हल्ली दिवसाआड हाच विषय निघतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी ट्री बघायचा, म्हणजे कोणती लायब्ररी कोणाला ओढून आणते याची झाडासारखी यादी. ग्रेडल हे बिल्ड करणारं साधन; त्याच्या रॅपरला अ‍ॅप मॉड्यूलचा 'डिपेंडन्सीज' टास्क द्यायचा आणि कॉन्फिगरेशन (कोणत्या कामासाठीच्या लायब्ररी बघायच्या तो गट) म्हणून 'डिबग रनटाइम क्लासपाथ' सांगायचं. ते सांगितलं नाही तर सगळ्या कॉन्फिगरेशनची पानंच्या पानं स्क्रीनवर ओतली जातात नि हवं ते त्यात हरवतं. बाण दिसला म्हणजे मागितलेली व्हर्जन सोडून दुसरी निवडली गेली. कंसात चांदणी दिसली तर ती फांदी वर आधीच छापून झाली आहे. एकाच लायब्ररीचा माग काढायचा असेल तर 'डिपेंडन्सी इनसाइट' बरा. ती कोणी कोणी ओढून आणली हे तो उलट्या बाजूने सांगतो.

एकाच ग्रुपची, एकाच नावाची लायब्ररी दोन व्हर्जनमध्ये आली तर ग्रेडल मुकाट्याने वरची व्हर्जन घेतो. तिथे सहसा भांडण होत नाही. भांडण होतं ते एकच क्लास दोन वेगळ्या नावांच्या लायब्ररींत असतो तेव्हा, कारण ग्रेडलच्या लेखी त्या दोन निराळ्या वस्तू असतात.

गूगलच्या ग्वावा या जावा लायब्ररीचं उदाहरण यासाठी अगदी चपखल आहे. 'लिसनेबलफ्यूचर' हा इंटरफेस ग्वावात आहेच, शिवाय त्याच नावाच्या छोट्या लायब्ररीत १.० म्हणूनही मिळतो. गूगलच्या अँड्रॉइडएक्स या संचातल्या काही लायब्ररी ही छोटी घेऊन येतात. २०१८ च्या ग्वावा २७.० पासून ग्वावा स्वतःच त्या छोट्या लायब्ररीची ९९९९.० ही व्हर्जन मागवतं, जी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. ग्रेडल मोठा आकडा उचलतो, १.० बाहेर पडते, वाद मिटतो. आता कोणी घाईघाईत ग्वावाच्या ओळीवर 'लिसनेबलफ्यूचर' एक्सक्लूड केलं, तर ती रिकामी व्हर्जनच जाते, १.० परत येते आणि डुप्लिकेट क्लास पुन्हा हजर! इथे जुनं ग्वावा असेल तर व्हर्जन वाढवायची, वगळायचं काही नाही.

"दादा, एक्सक्लूड टाकलंय, तरी ट्रीमध्ये दिसतेच आहे." ही ऑफिसातली तक्रार तर ठरलेली. ज्या ओळीवर एक्सक्लूड लिहिलं, तेवढीच वाट बंद होते. तीच लायब्ररी आणणारी दुसरी कोणी असेल तर ती मागच्या दाराने आत येते. प्रत्येक वाटेवर वगळा, नाहीतर 'कॉन्फिगरेशन्स ऑल'मध्ये एकदाच लिहा. दुसरा उपाय सोपा आहे, पण टेस्टच्या कॉन्फिगरेशनलाही लागू होतो. ग्रुप आणि मॉड्यूल दोन्ही लिहावेत. नुसता ग्रुप दिला तर त्या ग्रुपची सगळी फौज जाते. आणि एखाद्या एसडीकेने (दुसऱ्या कंपनीच्या तयार लायब्ररीने) परके क्लास स्वतःच्याच जारमध्ये (क्लास भरलेल्या फाइलमध्ये) कोंबले असतील तर एक्सक्लूड काहीच करू शकत नाही, कारण ट्रीमध्ये ती वेगळी डिपेंडन्सी नसतेच.

वगळल्यावर बिल्ड हिरवा झाला, एवढ्यावर खूश होऊ नये. वगळलेला क्लास लायब्ररीच्या आत कुठेतरी वापरला असेल तर कंपायलरला ते कळत नाही. त्या स्क्रीनवर गेल्यावर 'नो क्लास डेफ फाउंड' येऊन अ‍ॅप पडतं. रिलीजमध्ये कोड आटवणारा आर८ 'मिसिंग क्लास' म्हणून ओरडतो आणि 'डोन्टवॉर्न'च्या (इशारा देऊ नको सांगणाऱ्या) ओळी तयार करूनही देतो. त्या न वाचता चिकटवल्या की फक्त ओरडणं थांबतं, क्लास काही येत नाही.

एक्सक्लूड खरोखर लागतो ती जागा म्हणजे एस्प्रेसो-कॉन्ट्रिब (स्क्रीनच्या टेस्टसाठीची लायब्ररी) आणि फायरबेस (गूगलच्या अ‍ॅप-सेवांच्या लायब्ररी). काही व्हर्जनमध्ये पहिली 'प्रोटोबफ-लाइट' आणते, दुसरी 'प्रोटोबफ-जावालाइट'. दोन्ही प्रोटोबफ या डेटा-फॉरमॅटच्या लायब्ररी; क्लास तेच, मेथड वेगळ्या. बिल्ड निमूट पार पडतो, कारण टेस्टचं एपीके (फोनवर इन्स्टॉल होणारी फाइल) निराळं असतं. मग टेस्ट चालवताना 'रजिस्टर डिफॉल्ट इन्स्टन्स' सापडत नाही म्हणून 'नो सच मेथड' येतं. कॉन्ट्रिबच्या 'अँड्रॉइडटेस्ट इम्प्लिमेंटेशन' ओळीवर 'प्रोटोबफ-लाइट' मॉड्यूल वगळलं की काम होतं. शेजारी कारण आणि कॉन्ट्रिबची व्हर्जन कॉमेंटमध्ये लिहावी, म्हणजे पुढच्या अपग्रेडला ओळ काढून बघता येते.