सही नसलेलं रिव्हॉल्वर

टेक्सासमधल्या एका लिलावगृहात मी जुन्या शस्त्रांची वर्णनं लिहितो. शस्त्र आलं की ते रिकामं आहे ना, हे दोघं जण वेगवेगळं तपासतात. मग मी ते खोलतो, मोजतो आणि कॅटलॉगचा मजकूर तयार करतो. लोकांना वाटतं किंमत वस्तूवरून ठरते. प्रत्यक्षात निम्मी किंमत कागदांची असते: बिल, कारागिराचं पत्र, फ्रेमवरची सही.

गेल्या हिवाळ्यात एका दिवंगत संग्राहकाचा ठेवा आमच्याकडे आला. त्यांना एकच नाद होता. कारखान्याचं साधं रिव्हॉल्वर घ्यायचं आणि नामांकित गनस्मिथकडून त्याचं रूपांतर करून घ्यायचं. टेनेसीचे हॅमिल्टन बोवेन किंवा वायोमिंगचे जॉन लाइनबॉ यांच्या हातची कामं लोक वर्षानुवर्षं वाट पाहून घेत असत. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष सहीवाल्या पेट्यांकडे होतं. एक रिव्हॉल्वर मात्र तेलकट फडक्यात गुंडाळलेलं होतं. ना पेटी, ना बिल, ना नाव.

ते रुगरचं जुनं ब्लॅकहॉक होतं. 1955 साली .357 मॅग्नम या जोरदार काडतुसासाठी आलेलं हे मॉडेल. 1972 पर्यंतच्या नगांच्या फ्रेमवर बाजूला तीन स्क्रू दिसतात, म्हणून त्यांना ‘तीन स्क्रूवालं’ म्हणतात. त्यात घोडा भरलेल्या चेंबरवर (सिलिंडरमधलं काडतुसाचं भोक) टेकलेला असताना ते खाली पडलं तर बार उडू शकतो, म्हणून जाणकार सहाऐवजी पाचच काडतुसं भरतात. 1973 पासून कंपनीने आत ट्रान्सफर बार दिला, म्हणजे ट्रिगर दाबला तरच घोड्याचा घाव पुढे पोचवणारी पट्टी. जुन्या नगांनाही ती तो फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग परत पाठवते. आमच्याकडच्या नगात मूळचीच यंत्रणा होती. घोडा मागे ओढताना तो जुना टकटक आवाज स्पष्ट येत होता.

या फ्रेमवर .44 स्पेशल हे जाड पण सौम्य काडतूस बसवायची टूम सत्तरच्या दशकात शस्त्रांवर लिहिणाऱ्या स्कीटर स्केल्टन यांच्या लेखांमुळे पसरली. कारण सरळ आहे. .357 मॅग्नमचा कमाल दाब 35,000 पीएसआय (चौरस इंचावर पौंड) धरतात, 1907 सालच्या .44 स्पेशलचा 15,500. चेंबर मोठं करून सिलिंडरची भिंत पातळ झाली तरी एवढा दाब ती निभावते. गोळी जड, धक्का सुसह्य आणि शस्त्र कमरेला ओझं होत नाही. मात्र चेंबर चुकूनही .44 मॅग्नमच्या लांबीचं करता कामा नये, नाहीतर जास्त दाबाचं ते काडतूसही आत बसेल. मी आधी तेच पाहिलं. मॅग्नमचं डमी काडतूस पूर्ण आत बसलं नाही. बनवणारा विचार करून थांबला होता.

माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याने सिलिंडर उचलला, शेजारशेजारच्या चेंबरमध्ये गेज पिना घातल्या आणि वरून मायक्रोमीटर लावला. सहाही अंतरं सारखी यायला हवीत. ती आली नाहीत; कुठे एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), कुठे दोन थाऊ फरक. “घरगुती काम आहे. वापरायला ठीक, एवढं लिही आणि किरकोळ मालात टाक,” तो म्हणाला. माणूस अनुभवी आहे, पण त्याने मशीनवर कधी हात काळे केलेले नाहीत आणि अशा वेळी ते जाणवतं.

मी पिंपरीच्या टूलरूममध्ये घडलो. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात की रीमर भोक मोठं करतो, सरळ करत नाही. तो जुन्या भोकाच्याच मागे जातो. साधा कारागीर .357 च्या चेंबरमध्ये .44 चा रीमर फिरवतो आणि कारखान्याची चूक तशीच पुढे जाते. मुरलेला कारागीर सिलिंडर त्याच फ्रेममध्ये, त्याच्या कुलपाच्या खाचेत अडकवतो, नळीच्या आट्यांमधून मार्गदर्शक बसवतो आणि एकेक चेंबर नळीच्या रेषेत बोअर करून घेतो. रीमर नंतर. खाचांमध्ये कारखान्याचा थोडा फरक असतोच. त्यामुळे असं चेंबर शेजारच्या चेंबरशी जुळत नाही, स्वतःच्या खाचेशी जुळतं.

मी सिलिंडर परत बसवला, घोडा पूर्ण ओढला आणि नळीच्या तोंडातून रेंज रॉड सोडला, म्हणजे नळी आणि चेंबर एका रेषेत आहेत का हे दाखवणारी नेमक्या मापाची सळई. तो कुठेही न घासता चेंबरमध्ये उतरला. पुढचं चेंबर, त्याच्या पुढचं, सहाही तसेच. नळी आणि सिलिंडरमधल्या फटीत तीन थाऊची मापपट्टी जात होती, चारची नाही. सिलिंडर कुलपात असताना बोटाने हलवून पाहिला तर जेमतेम थरथरला. बाहेरच्या एकाही स्क्रूची खाच विस्कटलेली नव्हती. हे काम करणाऱ्याला मी समोर बसवून चहा पाजला असता.

सहकाऱ्याने रॉड स्वतः घालून पाहिला आणि मान्य केलं. पण लगेच म्हणाला, “मग एखाद्या मोठ्या नावाच्या धाटणीचं, असं लिहू. भाव चढेल.” यावर आमचं खरं वाजलं. धाटणी म्हटलं की गिऱ्हाईक ते नावच वाचतं. मी त्या संग्राहकाच्या पत्नीला फोन केला. त्या म्हणाल्या, “बिलं ते जपून ठेवायचे. याचं नाही, म्हणजे बहुतेक ओळखीतल्या कुणी करून दिलं असेल.” याहून अधिक काही हाती लागलं नाही.

शेवटी मी लिहिलं: कारागीर अज्ञात, आणि खाली सगळी मापं दिली. व्यवस्थापनाला ते रुक्ष वाटलं. लिलावात ते किरकोळ मालापेक्षा बरंच वर गेलं, पण सहीवाल्यांच्या जवळपासही पोचलं नाही. हे मला अजून डाचतं. शेजारच्या पेटीत सही असलेलं एक होतं. त्याचा रॉड दोन चेंबरच्या तोंडाशी घासत होता आणि तेही मी छापलं होतं. त्यावर बोली थांबली नाही. त्या पत्नीच्या हाती कमी पैसे आले ते मी नाव सुचवलं नाही म्हणून, असं सहकारी आजही म्हणतो. मला ते पटत नाही, पण ठामपणे खोडूनही काढता येत नाही.

विकत घेणाऱ्याचा नंतर फोन आला. कुणी बनवलं हे त्याने विचारलंच नाही. तो शिशाच्या गोळ्या घरी ओततो. त्याला चेंबरच्या पुढच्या तोंडाचं माप पुन्हा पक्कं करून हवं होतं. मी वही उघडली. सहाही 0.4305 इंच. “मग मी 0.430 चा साइझर लावतो,” म्हणजे ओतलेली गोळी नेमक्या जाडीची करणारा साचा, असं तो म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास आम्ही मिश्रधातूत कथील किती घालावं यावर बोलत राहिलो.