फी भरण्याआधीचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत पहिली चर्चा होते ती कर्जाची. माझ्या मते ती सर्वांत शेवटी व्हावी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून खुल्या प्रवर्गातील पात्र विद्यार्थ्याला निम्मे शिक्षण शुल्क मिळू शकते. पात्र मुलींसाठी राज्य शासनाने 2024 मध्ये ही सवलत शंभर टक्के केली. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला मात्र हा लाभ नाही, आणि जागा पक्की करण्याच्या घाईत नेमके हेच पालकांच्या ध्यानात येत नाही. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरील अर्जासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला जूनमधल्या गर्दीआधीच काढून ठेवावा.

वसतिगृहाऐवजी विद्यार्थी सवलतीच्या पासावर डोंबिवलीहून माटुंग्याला ये-जा केल्यास मोठा खर्च वाचतो, अर्थात त्या गर्दीची किंमत मूलच मोजते.

तरीही कर्ज घ्यावेच लागले, तर शिक्षण सुरू असतानाही व्याज चढत असते. ते दरमहा भरत राहिल्यास पुढील हप्ता हलका होतो. आयकराच्या जुन्या करप्रणालीत या व्याजावर वजावट मिळते.